रेडिओहेडचा ‘पाब्लो हनी’ : चांगला की टाकाऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या राजेंद्रनगरात आम्ही काही मंडळी रविवारी दुपारी एकत्र बसून एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न बोलता ऐकतो. त्यात कॉलेजची मुलं आहेत, नोकरदार आहेत, निवृत्त झालेलेही आहेत. बहुतेक अल्बमांवर थोडं बोलणं होतं, चहा होतो आणि सगळे घरी जातात. ‘पाब्लो हनी’ लावला की मात्र कुणी उठायचं नाव घेत नाही. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं, आणि नव्याने येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. मतं माझी आहेत, मंडळाची नव्हेत.

हा अल्बम कुणाचा, कधीचा?

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड भागातल्या रेडिओहेड या बँडचा हा पहिला अल्बम. २२ फेब्रुवारी १९९३ रोजी पार्लोफोन कंपनीने तो ब्रिटनमध्ये काढला, अमेरिकेत तो एप्रिलमध्ये आला. गाणी १२, वेळ सुमारे ४२ मिनिटं. थॉम यॉर्क गातो आणि गिटारही वाजवतो, जॉनी ग्रीनवुड आणि एड ओब्रायन गिटारवर, जॉनीचा थोरला भाऊ कॉलिन बेसवर आणि फिलिप सेलवे ड्रम्सवर. पाचही जण ॲबिंग्डनच्या एकाच शाळेतले. शाळेत शुक्रवारी सराव करायचे म्हणून तेव्हा बँडचं नाव ‘ऑन अ फ्रायडे’ होतं. १९९१ च्या अखेरीस पार्लोफोनच्या मूळ कंपनीशी, ईएमआयशी, करार झाला, कंपनीला ते नाव पसंत नव्हतं, आणि मग टॉकिंग हेड्सच्या एका गाण्यावरून ‘रेडिओहेड’ हे नाव घेतलं गेलं.

वाद नक्की कशावर आहे?

ढोबळ मानाने तीन गट पडतात.

पहिला गट म्हणतो, अल्बममध्ये गाणं एकच, ‘क्रीप’. आमच्यातला एक बेस वाजवणारा मुलगा दर वेळी हेच सांगतो, “भिया, एक गाणं आणि अकरा भरतीची.” या गटातल्या बऱ्याच जणांनी ‘क्रीप’ होस्टेलवर कुणाच्या तरी गिटारवर ऐकलेलं असतं, त्याच गाण्यावर स्वतः चार कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह) शिकलेले असतात. अल्बम त्यांनी नंतर, कधीतरी, बाकी काय आहे ते बघू म्हणून लावलेला असतो.

दुसरा गट ‘ओके कॉम्प्युटर’ किंवा ‘किड ए’ ऐकून या बँडच्या प्रेमात पडलेला. १९९७ आणि २००० सालचे ते अल्बम पचवून ही मंडळी मागे येतात आणि १९९३ पाशी त्यांची निराशा होते. यांना ‘क्रीप’सुद्धा नको असतं. हा अल्बम बँडच्या यादीतून वगळला तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं.

तिसरा गट छोटा आहे. त्यांना हा अल्बम मनापासून आवडतो: त्यातल्या कच्चेपणासह, आणि काही अंशी त्या कच्चेपणामुळेच. बहुतेक जण वयाने थोडे मोठे आहेत. नंतरचे अल्बम अजून यायचे होते तेव्हा त्यांनी हा ऐकला. त्यांच्याजवळ तुलनेला पुढचं काही नव्हतं, जे समोर होतं तेवढंच होतं.

माझ्या मते तिघांच्या भांडणाचं मूळ एकच आहे. प्रत्येक जण हा अल्बम दुसऱ्या कशाच्या तरी उजेडात ऐकतो, कुणी त्यातल्याच एका गाण्याच्या, कुणी चार-सात वर्षांनंतरच्या अल्बमांच्या. अल्बमला त्याच्या जागी ठेवून, म्हणजे विशीतल्या पाच मुलांनी १९९२ मध्ये साधारण तीन आठवड्यांत रेकॉर्ड केलेलं गिटारचं काम म्हणून ऐकलं, तर त्यातलं काय टिकतं आणि काय टिकत नाही ते स्वच्छ दिसतं.

मग तुमचं मत काय? आवडतो की नाही?

आवडतो. पण सगळा नाही. बारांपैकी पाच गाणी मी आजही स्वतःहून लावतो: ‘यू’, ‘क्रीप’, ‘स्टॉप व्हिस्परिंग’, ‘लर्गी’ आणि ‘ब्लो आउट’. मधल्या भागात अल्बम ढिला पडतो, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. टाकाऊ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण एवढ्याचसाठी, की त्यांतल्या पुष्कळांनी ‘ब्लो आउट’पर्यंत अल्बम वाजू दिलेला नसतो.

‘क्रीप’मध्ये असं आहे तरी काय? चारच तर कॉर्ड आहेत.

हो, चारच आहेत आणि पूर्ण गाणं त्याच चारांवर फिरतं: जी, बी, सी आणि सी मायनर. अंतऱ्याला, मुखड्याला, वरच्या पट्टीत जातो तिथेही तेच चक्र. पण त्या चारांच्या पोटात एक बारीक हालचाल आहे, ती पेटीवर वाजवून बघा.

पांढरी पाचला सा धरा. पहिल्या कॉर्डमध्ये पंचम आहे. दुसऱ्या कॉर्डमध्ये तो अर्ध्या स्वराने चढून कोमल धैवत होतो. तिसऱ्यात शुद्ध धैवत. चौथ्यात पुन्हा कोमल धैवत, आणि चक्र पहिल्यावर आलं की परत पंचम. म्हणजे एक स्वर सबंध गाणंभर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर जातो आणि तसाच खाली येतो: प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल ध, प. पेटीवर फक्त एवढंच, संथपणे, चार-पाच वेळा वाजवा. गाण्यातला माणूस कुणाकडे तरी ओढला जातो, जवळ पोचतो आणि आपली लायकी नाही असं वाटून मागे सरतो. शब्द न कळताही ती ये-जा कानाला कळते. मंडळात हे पहिल्यांदा पेटीवर वाजवून दाखवलं तेव्हा हे गाणं कधीच न ऐकलेल्या एक मावशी लगेच म्हणाल्या, “अरे, हे तर उतरताना जास्त दुखतं.” शुद्ध धैवताकडून कोमल धैवताकडे येताना जे होतं, ते त्यांनी एका वाक्यात पकडलं.

दुसरी गोष्ट, मुखड्याच्या आधी गिटारचे ते दोन धक्के. जॉनी ग्रीनवुडला गाणं फार गुळमुळीत वाटत होतं, म्हणून त्याने तारा दाबून धरत ते खरखरीत आवाज काढले. गाणं बिघडवायला म्हणून टाकलेली गोष्ट गाण्याची ओळख होऊन बसली. नीट ऐकलंत तर त्या धक्क्यांआधी सगळी वाद्यं हलकी, जवळजवळ अंग चोरून वाजत असतात. त्या शांततेमुळेच धक्का बसतो.

शेवटाकडे पियानो येतो. मिश्रण करताना निर्माता पॉल कोल्डरी तो आधी घालायचा विसरला आणि अखेरच्या भागातच तो वर आला. बँडला तसंच आवडलं आणि तसंच ठेवलं गेलं.

हे गाणं एका झटक्यात रेकॉर्ड झालं, हे खरं का?

खरं आहे. अमेरिकेहून आलेले निर्माते शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी वेगळ्याच दोन गाण्यांवर काम करत होते आणि ते काही जमत नव्हतं. सरावात बँडने ‘क्रीप’ वाजवलं होतं आणि आपलं ‘स्कॉट वॉकरवालं गाणं’ असा त्याचा उल्लेख केला होता (स्कॉट वॉकर हा आधीच्या पिढीतला गायक). त्यावरून निर्मात्यांना ते दुसऱ्याचंच गाणं वाटलं. नंतर कंटाळलेल्या बँडला उत्साह यावा म्हणून तेच गाणं वाजवायला सांगितलं, आणि एका वाजवण्यात काम झालं. स्टुडिओतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण चाल चोरलेली आहे ना?

‘क्रीप’ची कॉर्डरचना आणि चालीचा काही भाग ‘दि एअर दॅट आय ब्रीद’ या गाण्याशी जुळतो. १९७४ मध्ये हॉलीज या बँडने ते गाजवलं होतं. त्याचे रचनाकार अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांना ‘क्रीप’चे सहरचनाकार म्हणून श्रेय दिलं गेलं आहे आणि मानधनात वाटाही मिळतो. तेव्हा हिशेब चुकता झालेला आहे. दोन्ही गाणी एकामागून एक ऐकली तर साम्य लगेच कळतं, आणि दोन्हींचा स्वभाव किती वेगळा आहे तेही कळतं.

सुरुवातीला ‘क्रीप’ पडलं होतं म्हणतात. मग एवढं गाजलं कसं?

सप्टेंबर १९९२ मध्ये ते पहिल्यांदा ब्रिटनमध्ये आलं तेव्हा विक्रीच्या यादीत ७८ व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. बीबीसी रेडिओ वनला ते फार उदास वाटलं आणि त्यांनी फारसं लावलं नाही. पुढे इस्रायलमधल्या रेडिओवर ते गाजलं, बँड १९९३ मध्ये तेल अवीवला जाऊन वाजवून आला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका स्टेशनने ते उचललं आणि तिथून ते पसरत गेलं. तिथल्या मुख्य यादीत ३४ व्या आणि मॉडर्न रॉकच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. मग ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९३ ला पुन्हा काढलं, तेव्हा सातव्या क्रमांकावर. ‘पाब्लो हनी’ ब्रिटनमध्ये २२ व्या आणि अमेरिकेत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेला.

म्हणजे घरात कुणी विचारलं नाही आणि बाहेरून नाव झाल्यावर घरच्यांनी दखल घेतली. हा क्रम लक्षात ठेवा, कारण ‘एका गाण्याचा बँड’ हा शिक्का याच वर्षात बसला. लोक अल्बमला आले ते त्या एका गाण्यासाठी, आणि त्याच्यासारखी आणखी अकरा गाणी शोधत राहिले.

बाकीची अकरा खरंच भरतीची आहेत का?

नाहीत, पण सगळी सारखीही नाहीत. जी मला महत्त्वाची वाटतात त्यांच्याबद्दल सविस्तर सांगतो.

‘स्टॉप व्हिस्परिंग’ पाच मिनिटांच्या पुढे जाणारं, हळूहळू चढत जाणारं गाणं. बोस्टनच्या पिक्सीज या बँडचा प्रभाव त्यात उघड आहे. दोन कॉर्डवर ते इतका वेळ थांबतं की अधीर माणूस पुढे ढकलतो. थांबलात तर अखेरीला तिन्ही गिटारी एकत्र उसळतात तेव्हा ती वाट पाहणं वाया गेलेलं नसतं. रेडिओहेड पुढे ज्या गोष्टीसाठी नावाजले गेले, म्हणजे दम धरून गाणं वाढवत नेणं, तिची ही पहिली खूण.

‘थिंकिंग अबाउट यू’ अकूस्टिक गिटारवरचं साधं गाणं. चाल चांगली आहे, गायलंय जरा हात राखून.

‘एनीवन कॅन प्ले गिटार’ यावर मंडळात जुंपते. काहींना त्यातला आवेश आवडतो. मला ते गोंगाटातच अडकल्यासारखं वाटतं.

‘हाउ डू यू?’, ‘रिपकॉर्ड’, ‘व्हेजिटेबल’, ‘आय कान्ट’: वाजवणारे तयारीचे आहेत एवढं कळतं, गाणं लक्षात राहत नाही. मधला ढिलेपणा म्हणतो तो हाच. त्यातल्या त्यात ‘व्हेजिटेबल’चा मुखडा बरा.

‘लर्गी’ मात्र सोडू नका. शांत, मोकळं गाणं. गिटारचे सुटे सुटे स्वर आहेत आणि आवाजाला श्वास घ्यायला जागा आहे. आजारातून बरं होत आल्यावर जे हलकं वाटतं, ते यात आहे. पहिल्या वेळी ते लक्षातही येत नाही, तीन-चार वेळा अल्बम ऐकला की हेच परत ऐकावंसं वाटतं.

आणि शेवटी ‘ब्लो आउट’. सुरुवात होते ती जवळजवळ बोसा नोव्हाच्या अंगाने: ड्रमवर हलकी, झुलती लय, बेस खाली गुणगुणतोय, यॉर्क दबक्या आवाजात. कान तिथे स्थिरावतात न स्थिरावतात तोच गिटारींची भिंत कोसळल्यासारखी येते, पुन्हा मागे हटते, पुन्हा येते. शेवटच्या दीडेक मिनिटात गायन संपलेलं असतं आणि जॉनीची गिटार वर वर चढत किंचाळत जाते. गिटार म्हणून तिची ओळखच उरत नाही, नुसता आवाज उरतो. तेव्हा जॉनी वीस-एकवीस वर्षांचा होता. पुढच्या काळात या माणसाने ऑर्केस्ट्रासाठी आणि चित्रपटांसाठी जे लिहिलं त्याचं बीज मला इथे ऐकू येतं. ज्यांना हा बँड १९९७ पासून सुरू झाला असं वाटतं, त्यांनी हे गाणं चांगल्या हेडफोनवर, अंधारात नसलं तरी डोळे मिटून, एकदा ऐकावं.

‘यू’मध्ये मध्येच अडखळल्यासारखं होतं. सीडी खराब आहे का?

सीडी ठीक आहे. ते मुद्दाम केलेलं आहे.

आमच्या गल्लीत तबला शिकवणारे एक काका आहेत. एका रविवारी ते सहज येऊन बसले आणि पहिलंच गाणं सुरू झाल्यावर मांडीवर बोटांनी मात्रा धरू लागले. दादऱ्यासारख्या सहा, सहा, सहा आणि मग त्यांचा हात थांबला. “एक मात्रा खाल्ली,” ते म्हणाले. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी बोटं मोजत सांगितलं, “तीन वेळा सहा आणि चौथ्यांदा पाच. तेवीस मात्रांचं आवर्तन आहे हे.” बरोबर तसंच आहे. दर चौथ्या फेरीला एक मात्रा गळते, त्यामुळे ऐकणारा पाऊल टाकायच्या आत पायरी आलेली असते. काकांना गाण्याचा आवाज फार मोठा वाटला आणि गायकाच्या ओरडण्याला त्यांनी नाकं मुरडली, पण सम कुठे येते ते मात्र त्यांनी जाताना मला पक्कं करून दिलं. पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात असा हिशेब मांडणारी मुलं अडाणी नव्हती, एवढं त्यातून मला दाखवायचं आहे.

हे सगळं निर्वाणाची नक्कल नाही का?

१९९१ च्या सप्टेंबरात निर्वाणा या अमेरिकन बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक कंपनी तसाच बँड शोधत होती. हळू वाजवत न्यायचं आणि मुखड्याला एकदम उसळायचं ही पद्धत ‘पाब्लो हनी’त आहेच. पण ती निर्वाणाचीही स्वतःची नव्हती, त्यांनीही ती पिक्सीजकडून घेतली होती. निर्माते बोस्टनचे, त्यांचा कान अमेरिकन गिटार बँडांवर तयार झालेला, त्यामुळे अल्बमचा आवाज तिकडे झुकला. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास वारं वेगळं होतं. स्वेड या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम मार्च १९९३ मध्ये आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. रेडिओहेड त्या वाऱ्यात बसत नव्हते आणि अमेरिकन तर नव्हतेच. या अधांतरी अवस्थेमुळे तिकडच्या समीक्षकांतही एकवाक्यता नव्हती.

नक्कल म्हणण्याऐवजी मी म्हणेन, प्रभाव पचलेले नाहीत. काही गाण्यांत कुणाचा कुठला तुकडा आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.

रेकॉर्डिंगचा दर्जा कमी वाटतो. माझाच कान तसा आहे का?

तुमचा कान बरोबर आहे. रेकॉर्डिंग ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टन स्टुडिओत झालं. बँडला स्टुडिओचा अनुभव जवळजवळ नव्हता आणि वेळही मोजका होता. ‘आय कान्ट’ आणि ‘लर्गी’ ही दोन गाणी क्रिस हफर्डच्या हाताखालची आहेत, म्हणून त्यांचा पोत वेगळा लागतो. तीन-तीन गिटारी एकाच पट्ट्यात, एकाच जाडीने वाजल्या की एकमेकींना झाकतात. ‘रिपकॉर्ड’मध्ये हे ठळकपणे जाणवतं. पुढच्या ‘द बेंड्स’मध्ये (१९९५, निर्माता जॉन लेकी) त्याच तिघांनी कामं वाटून घेतली: एक ताल धरतो, दुसरा पोत भरतो, तिसरा मधूनच रेघ ओढतो. फरक शेजारी शेजारी लावून ऐका.

नायजेल गॉड्रिच या अल्बमवर नाही, हेही बरेच जण विसरतात. तो ‘द बेंड्स’च्या वेळी तंत्रज्ञ म्हणून आला आणि ‘ओके कॉम्प्युटर’पासून निर्मात्याच्या खुर्चीत बसला. बँडची मुखपृष्ठं करणारा चित्रकार स्टॅनली डॉनवुडही १९९४ पासूनचा. ‘रेडिओहेडसारखं’ असं आपण जे ओळखतो त्यातला बराच भाग घडवणारी माणसंच इथे नाहीत.

बँडलाच हा अल्बम आवडत नाही म्हणे. मग आपण का ऐकायचा?

बँडने या अल्बमपासून अंतर ठेवलं हे खरं. ‘क्रीप’च्या यशाने आपल्याला जखडलं, ही भावना त्यांनी १९९४ च्या ‘माय आयर्न लंग’ या गाण्यात उघड मांडली. ‘क्रीप’ वाजवणं त्यांनी वर्षानुवर्षं टाळलं. २००९ नंतर ते पुन्हा मंचावर आलं थेट २०१६ मध्ये. २०२१ मध्ये थॉम यॉर्कने त्याचं एक अतिशय संथ, नऊ मिनिटांचं रूप स्वतःच काढलं, तेव्हा अबोला सुटला असं मला वाटलं.

कलावंताला आपलं पहिलं काम नकोसं वाटणं समजू शकतो. पण श्रोत्याने तो निवाडा जसाच्या तसा उचलण्याचं कारण नाही. करणाऱ्याला त्यात आपल्या अडचणी दिसतात, ऐकणाऱ्याच्या हातात फक्त गाणं असतं.

नंतरच्या अल्बमांसमोर हा लहान मुलांचा खेळ वाटतो. हे तरी मान्य आहे?

नंतरचे अल्बम मोठे आहेत, हे मान्य. पण हे कारण पुढे करून पहिल्या अल्बमला मोडीत काढणं इंदूरकराने तरी करू नये. उस्ताद अमीर खाँसाहेब याच गावात वाढले. त्यांच्या तरुणपणीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐका आणि मग एलपीवरचा मारवा ऐका. झुमऱ्यातली ती अतिविलंबित लय, एकेका स्वराला दिलेला अवकाश. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगावं लागतं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्या तेवढ्यात सगळं दाखवायचं, ही मर्यादा होतीच. शिवाय स्वतःची गायकी अजून सापडायची होती. म्हणून त्या तबकड्या कुणी फेकून देत नाही. उलट जाणकार त्या शोधत फिरतात, कारण पुढच्या गायकीत काय ठेवलं आणि काय टाकलं याचा पत्ता तिथेच लागतो.

‘पाब्लो हनी’ मी त्याच कारणाने ऐकतो, आणि त्याखेरीज त्यातली पाच गाणी मला स्वतंत्रपणे आवडतात म्हणूनही.

अल्बमचं नाव असं का?

जर्की बॉइज नावाची अमेरिकन जोडगोळी लोकांना खोटे फोन करून त्यांची रेकॉर्डिंग काढायची. त्यातल्या एका फोनमधली ती हाक आहे. तिचा तुकडा ‘हाउ डू यू?’मध्ये ऐकूही येतो. याहून खोल अर्थ त्यात नाही.

माझी मुलगी अकरावीत आहे, दिवसभर ‘क्रीप’ लावते. शब्द फार निराशेचे आहेत. काळजी करू का?

हा प्रश्न आई-वडील दबकत विचारतात, म्हणून नीट उत्तर देतो. ‘क्रीप’ हे आपण कुणाच्या योग्यतेचे नाही असं वाटणाऱ्याचं गाणं आहे. ‘प्रूव्ह युवरसेल्फ’मध्ये तर जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवला आहे. त्या वयात असं वाटणं फार जणांच्या वाट्याला येतं आणि आपल्या मनातलं दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने म्हटलेलं ऐकलं की एकटेपणा कमी होतो. निव्वळ गाणं ऐकते म्हणून घाबरू नका, आणि बंद तर मुळीच करायला लावू नका. तिच्या शेजारी बसून एकदा पूर्ण ऐका, तिला त्यातलं काय आवडतं ते विचारा, आणि ती सांगेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्या. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास यांत बदल दिसत असेल किंवा ती स्वतःबद्दल तसंच बोलत असेल, तर मात्र गाण्याचा विषय बाजूला ठेवून समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे घेऊन जा. उशीर करू नका.

मी शास्त्रीय संगीतावर वाढलो. मला यात काय मिळणार?

रागाची बढत मिळणार नाही, ती शोधू नका. पोत ऐका: एकाच स्वराचा आवाज स्वच्छ गिटारवर कसा, खरखरीत केल्यावर कसा. आणि आवाजाचा चढ-उतार ऐका. आपल्याकडे गायक हळूहळू तापत जातो, इथे थंड आणि उकळतं शेजारी शेजारी ठेवतात. सुरुवात ‘लर्गी’पासून करा, मग ‘क्रीप’, मग ‘यू’ मात्रा मोजत.

जॉनी ग्रीनवुडबद्दल कुतूहल वाटलं तर २०१५ चा ‘जुनून’ हा अल्बम ऐका. इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादक-गायकांबरोबर त्याने तो जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात रेकॉर्ड केला. तिथे तो बहुतेक वेळ मागे राहून साथ करतो. ‘क्रीप’मध्ये ते दोन धक्के मारणारा हाच मुलगा, हे आठवून ऐका.

फोनवर ऐकलं तर चालेल?

फोनच्या स्पीकरवर नको, बेस गळून पडतो आणि मधल्या गाण्यांतल्या गिटारींचा नुसता कलकलाट होतो. साधे तारेचे इअरफोनही पुरतात. गाण्यांचा क्रम बदलू नका.

कोणती आवृत्ती घ्यावी?

साधी १२ गाण्यांची आवृत्ती पुरेशी आहे. पण २००९ मध्ये निघालेली दोन सीडींची आवृत्ती मिळाली तर दुसऱ्या सीडीवर १९९२ चं ‘ड्रिल’ आहे, बँडचं पहिलं प्रकाशन. त्यातली चारांपैकी तीन गाणी पुढे अल्बममध्ये आली: ‘प्रूव्ह युवरसेल्फ’, ‘यू’ आणि ‘थिंकिंग अबाउट यू’. शेवटचं तिथे वेगात, इलेक्ट्रिक गिटारींवर आहे, अल्बममध्ये अकूस्टिक झालं. दोन्ही एकापाठोपाठ लावा आणि कोणतं जास्त पटतं ते ठरवा. आमच्यात यावरही मतभेद आहेत. मी ‘ड्रिल’वालं निवडतो.